कबुली कुणासमोर?

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला.’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत इतक्या वेळा वाचले आहे, की खाक्या म्हणजे नेमके काय, हे कुणी विचारत नाही. सकाळच्या चहाबरोबर आपल्यापुरता निकाल लागलेला असतो.

कायदा मात्र या पोपटावर विश्वास ठेवत नाही. चौकशीत माणसांचा कसा छळ होतो, हे मद्रास इलाख्यातील आयोगाने 1855 मध्येच मांडले होते. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरणार नाही, असे 1872 च्या पुरावा कायद्याने सांगितले. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम 23 मध्ये हा नियम शाबूत आहे. आरोपीच्या सांगण्यावरून सुरा सापडला, तर त्या सुऱ्यापुरतेच बोलणे ग्राह्य. बाकी कबुली द्यायची ती दंडाधिकाऱ्यापुढे, आणि ती देण्याचे बंधन नाही हे त्याने आधी बजावल्यावर.

मी बँकेत आयुष्य काढले. तिथे व्हाउचर लिहिणारा ते पास करत नाही. त्यात कुणाचा अपमान नसतो. दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेले बरे, एवढेच.

महाराष्ट्राच्या 1999 च्या मोक्का कायद्याने हा दुसरा डोळा मिटला. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली त्यात पुरावा ठरते. तो तपास अधिकारी नसला, तरी खाते एकच.

11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, 180 हून अधिक माणसे गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने मोक्काखाली 12 जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तीनच दिवसांत, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश झाला.

‘मग गुन्हेगार मोकाट सोडायचे का?’ असे कुणी विचारील. उलट आहे. कबुली हाती आली, की पुढचा पुरावा शोधण्याची निकड संपते. पुढे ती कबुली टिकली नाही, तर ज्यांची माणसे लोकलमधून घरी परतलीच नाहीत, त्यांच्या हाती 19 वर्षांनी काय उरते? मोक्कातील ही सवलत काढून टाकावी, असे मला वाटते. तोवर, वाचकहो, निदान आपला निकाल तरी चहाच्या कपात लावू नये.