ऋतूंविषयी बोलावे कुणाशी?

हवामानबदल हा विषय मराठीत आता नवा राहिलेला नाही. वृत्तपत्रांतून त्यावर अग्रलेख येतात, व्याख्यानमालेतले एखादे पुष्प त्याला वाहिले जाते, महाविद्यालयीन चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांवर ‘पर्यावरण आणि साहित्य’ हे शब्द हमखास दिसतात. तरीही या विषयावर मनाजोगते बोलणे नेमके कुठे होते, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर चटकन सुचत नाही. बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांचे मंडळ मात्र जमत नाही. असे का व्हावे, याचा विचार आम्ही येथे बारामती आणि इंदापूर या दोन शेजारी तालुक्यांच्या आधारे करू इच्छितो. अशा चर्चेला लागणारी बहुतेक सामग्री तेथे हाताशी आहे, म्हणून ही निवड.

दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. १८७६-७७च्या दुष्काळानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नीरा डावा कालवा आला आणि येथल्या माळाच्या एका पट्ट्याचे नशीब पालटले. कालव्याच्या वरच्या अंगाला बारामती, शेवटच्या टोकाला इंदापूर. पुढे १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवट्याचे पाणी इंदापूरच्या गावांत शिरले. त्याने गावे उठवली, पळसदेवचे प्राचीन देऊळ पोटात घेतले, आणि भिगवणच्या परिसराला मासेमारी व रोहित पक्षी दिले. पाण्याचा अर्थ येथे माणसागणिक बदलतो: वरच्या शेतकऱ्याला ते ठरलेले आवर्तन, टोकाच्या शेतकऱ्याला येईल तेव्हा खरे, विस्थापिताला बुडालेले घर आणि मच्छिमाराला रोजची भाकरी.

अलीकडच्या दोन वर्षांनी या चौघांनाही एकाच प्रश्नापाशी आणून उभे केले. २०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातले पाणी वापरावे लागले. पळसदेवचे देऊळ उघडे पडले. २१ मे रोजी वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. ऑगस्टमध्ये तेच धरण काठोकाठ भरले. पुढच्या वर्षी, मे २०२५च्या अखेरच्या आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात अतिवृष्टी होऊन बारामतीजवळ पिंपळी येथे नीरा डावा कालवाच फुटला. मोसमी पाऊस त्या वर्षी मुंबईत २६ मे रोजी पोहोचला, नेहमीच्या तारखेच्या सुमारे पंधरवडाभर आधी.

आता या घटनांविषयी कसे बोलावे? एखादे वादळ किंवा एखादा अवकाळी पाऊस हा हवामानबदलाचा पुरावा ठरत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात, असे शास्त्रज्ञ सांगेल, आणि ते बरोबरच आहे. पलीकडचा तीर गाठायला वाऱ्यावादळातही बोटीनेच का जावे लागते, हे काठावरचा गावकरी सांगेल, आणि तेही तितकेच बरोबर आहे. पहिले विधान दुसऱ्याविना कोरडे राहते; दुसरे पहिल्याविना तक्रारीत विरून जाते. चांगल्या चर्चेची आमची पहिली कसोटी हीच, की ही दोन विधाने एकाच बैठकीत, एकमेकांच्या कानांवर पडावीत.

बैठकी या भागात कमी नाहीत. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा गाजतात. ऊसदर आणि साखर उतारा यांवर तास तास खडाजंगी होते. उताऱ्यावर थंडीचा परिणाम होतो हे सभासदाला ठाऊक असते, पण थंडीच लहरी झाली तर काय, हा प्रश्न विषयपत्रिकेवर येत नाही. कालवा सल्लागार समितीत आवर्तने ठरतात. तेथे या हंगामापुरता हिशेब होतो, येत्या वीस वर्षांचा नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रयोग पाहायला शेतकरी लांबून येतात, पण प्रात्यक्षिक हे सांगणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे वाहते. तुकोबांची पालखी दोन्ही तालुक्यांतून जाते, आणि पेरणी झाली की नाही, पाऊस किती पडला, याची खबर गावोगावहून आलेले वारकरी एकमेकांना देतात. हे बोलणे सर्वांत मोकळे. पण मुक्काम हलला की तेही पांगते, कुणी टिपून ठेवत नाही. आणि जेथे दोन पक्ष खरोखर समोरासमोर आले, तेथे चर्चेची जागा आंदोलनाने घेतली. उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय २०२१मध्ये झाला आणि सोलापूरच्या तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी रद्द झाला. दोन्ही बाजूंना आपले दुःख खरे वाटत होते. ते मांडायला समान भाषा मात्र नव्हती.

भाषेचा हा मुद्दा साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९मध्ये अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अवर्षण, उष्णता, क्षार यांनी पिकावर येणारा दाब, असा तेथे ‘ताण’ या शब्दाचा अर्थ. इंदापूरच्या डाळिंब-बागायतदाराकडे हाच शब्द पिढीजात आहे, पण तो ‘ताण देतो’. बहार धरण्यासाठी ठरावीक काळ पाणी तोडून झाडाला मुद्दाम विसावा द्यायचा, मग पाणी सोडायचे, म्हणजे फूल एकसाथ येते. ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला की बहार बिघडतो. ऋतू बदलला म्हणजे काय झाले, हे जागतिक तापमानाच्या कोणत्याही आलेखापेक्षा या एका शब्दातून अधिक लवकर उमगते: आजवर माणूस झाडाला ताण देत होता, आता तो कधी द्यायचा हे त्याच्या हाती राहिलेले नाही. ‘ताण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ ज्या बैठकीत शेजारी बसतील, तेथे शास्त्र आणि शेती यांचा खरा संवाद सुरू होईल.

परंतु समान भाषा एवढ्याने भागत नाही. आमची दुसरी कसोटी अधिक कठोर आहे: बोलणाऱ्याला स्वतःचा काही वाटा सोडावा लागण्याची शक्यता चर्चेत असली पाहिजे. याचे उदाहरण बारामतीच्या शेजारीच, पुरंदर तालुक्यात सापडते. १९७२च्या दुष्काळानंतर नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे, अर्ध्या एकराला पुरेल एवढे. भूमिहीनालाही त्यात वाटा. उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. हे नियम लोकांनी बसून, वाद घालून पाळायचे होते. ‘हवामानबदल’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. तरीही अनिश्चित पावसाशी कसे जगावे याची आम्हाला ठाऊक असलेली ही सर्वांत गंभीर चर्चा होय, कारण तेथे प्रत्येक मताची किंमत पाण्यात मोजली जात होती.

या कसोटीवर आपली चर्चासत्रे घासून पाहिली तर काय उरते? निबंध वाचला जातो, टाळ्या पडतात, प्रमाणपत्र मिळते. सभागृहातल्या कुणाचेच काही पणाला लागलेले नसते. गंभीर कादंबरीला हवामानबदल पेलता आलेला नाही, असे अमिताव घोष यांनी २०१६मध्ये ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये म्हटले, आणि ते आपण आवडीने उद्धृत करतो. मराठी ग्रामीण कथनाला दुष्काळ अपरिचित नाही. ‘बनगरवाडी’चा शेवट त्याचीच साक्ष देतो. पण दुष्काळ येतो, गाव उठते, पाऊस पडला की परतण्याची आशा असते. ऋतूच आपली जागा सोडू लागला तर कथेचा आकार काय असेल, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. तो विचारणाऱ्याने मात्र वर्गाबाहेरच्या मंडळींनाही वर्गात बोलवावे.

काहींना हे काम साहित्याच्या शिक्षकाचे वाटणार नाही. आम्हाला ते त्याचेच वाटते. बारामती हे मोरोपंतांचे गाव. पुराणश्रवणाला बसलेल्या मिश्र समुदायासमोर शब्द तोलून मांडण्याची कला तेथे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी नांदली. वेगवेगळ्या बोलींतल्या माणसांना एकमेकांचे म्हणणे कळेल असे करणे, शब्दांच्या छटा टिपणे, आठवणीला लेखी रूप देणे, ही साहित्याच्या माणसाची रोजची कामे आहेत. ‘यंदा मृग कोरडाच गेला’ हे वाक्य आजोबा किती वर्षांपासून म्हणत आहेत, हे तारखेसह वहीत उतरवणारा विद्यार्थी शास्त्रज्ञाच्या नोंदींना पूरक असेच काही मिळवतो.

म्हणून ‘चांगले मंडळ कुठे सापडेल?’ या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की तयार सापडणार नाही. जमवावे लागेल, आणि ते लहान असलेले बरे. कालव्याच्या वरचा एक शेतकरी, टोकाचा एक, उजनीकाठचा मच्छिमार, उसाच्या फडात राबणारी एखादी बाई, माळेगावच्या संस्थेतला एक संशोधक आणि वही सांभाळणारा एक शिक्षक, एवढ्यांवर आरंभ होऊ शकतो. महिन्यातून एकदा भेटावे, मागच्या महिन्याची नोंद आधी वाचावी, मग बोलावे. बैठक एकदा बारामतीत, तर एकदा इंदापुरात घ्यावी. कालव्याच्या टोकाला बसून ऐकले की वरचे पाणी कसे दिसते, हे वरच्यालाही कळायला हवे.