डॅश टू म्हणजे काय रे भाऊ?

'डर्टी हॅरी' (१९७१) ज्यांनी पाहिलाय त्यांना क्लिंट ईस्टवुडच्या हातातलं ते लांबलचक रिव्हॉल्व्हर नक्की आठवत असेल. स्मिथ अँड वेसन, मॉडेल २९, पॉइंट फोर्टी-फोर मॅग्नम. पिक्चर बघून आमच्या विंगमधले बाकीचे डायलॉग मारत सुटले, मी मात्र त्या २९ नंबरात अडकलो. "काय रे, भाई बनायचंय का?" हे दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं. नाही बुवा! खरं रिव्हॉल्व्हर मी आजवर हातात धरलेलं नाही. आपल्याकडे २०१९ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे जुनी रिव्हॉल्व्हर्स जमवणं हा मुख्यतः अमेरिकेतल्या लोकांचा शौक. पण ती माणसं एखादा जुना नग ज्या पद्धतीने ओळखतात, ती पद्धत आपल्या सिलॅबसमध्ये असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

१९५७ पर्यंत या कंपनीच्या रिव्हॉल्व्हर्सना नावं असायची. त्या वर्षी नंबर आले. 'मिलिटरी अँड पोलिस'चं झालं मॉडेल १०, फोर्टी-फोर मॅग्नमचं मॉडेल २९. सिलिंडर बाजूला उघडला की फ्रेमच्या खाचेत हा नंबर ठोकलेला दिसतो, आणि पुष्कळदा त्याच्यापुढे एक डॅश आणि आकडा: २९-२. हा डॅश म्हणजे डिझाइनमध्ये केलेला बदल. आपण ड्रॉइंग शीटच्या कोपऱ्यात 'रिव्हिजन' नावाची चौकट आखतो आणि सबमिशनला रिकामी सोडून देतो ना, तीच चौकट यांनी सरळ पोलादावर ठोकली!

आता २९-१ ची गंमत बघा. फायरिंगच्या वेळी सिलिंडर फिरतो, आणि त्याच्या मधून जाणाऱ्या इजेक्टर रॉडला सरळ म्हणजे उजवे आटे होते. सिलिंडर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने हे आटे सैल होत जायचे. रॉड बाहेर सरकला की पुढे अडकणार, आणि सिलिंडर उघडायचाच नाही. १९६० मध्ये कंपनीने आटे उलटे केले, रोग मुळापासून गेला. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे का, हा व्हायवातला आवडता प्रश्न आहे ना, हे त्याचंच भावंडं. पुढच्याच वर्षी ट्रिगर गार्डच्या समोरचा एक स्क्रू काढून टाकला आणि नंबर झाला २९-२. म्हणजे डॅश वन जेमतेम वर्षभर टिकला, म्हणून नग थोडे, म्हणून कलेक्टर त्याच्यासाठी वेडे. १९८२ च्या २९-३ मध्ये बॅरल फिरू नये म्हणून फ्रेममधून आडवी घातलेली पिन गेली, आणि सिलिंडरच्या भोकांना मागून केलेलं काउंटरबोअरही गेलं. त्यामुळे जाणकार माणूस खाचेतला नंबर वाचून थांबत नाही. तो स्क्रू मोजतो, पिन शोधतो, काउंटरबोअर बघतो. नंबर एक सांगतोय आणि धातू दुसरंच, असं दिसलं की समजायचं, मधे कोणीतरी पार्ट बदललेत. आणि हो, डॅश वनचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. मॉडेल १० मध्ये डॅश वन म्हणजे जड बॅरल. पाठांतराचा काही उपयोग नाही.

हे सगळं हौशी लोकांचे चोचले वाटत असतील तर दुसऱ्या महायुद्धातलं 'व्हिक्टरी' मॉडेल घ्या. याच कंपनीचं. त्याच्या सीरियल नंबरच्या आधी 'व्ही' हे अक्षर असायचं. १९४४ च्या अखेरीस अमेरिकन नौदलाच्या एका जहाजावर भरलेलं रिव्हॉल्व्हर डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. हॅमर पुढे जाऊ नये म्हणून आत एक ब्लॉक होता, पण तो जागेवर यायचा तो स्प्रिंगच्या भरवशावर. कंपनीने घाईने नवीन ब्लॉक बनवला. तो रिबाउंड स्लाइडला जोडलेला, म्हणजे स्लाइड हलली की ब्लॉकला हलावंच लागतं. नवा ब्लॉक असलेल्या नगांवर 'व्ही'च्या आधी 'एस' ठोकला गेला. बाहेरून बघाल तर दोन्ही सारखीच. फरक एका अक्षराचा, आणि ते अक्षर वाचता येत नसेल तर हातातलं रिव्हॉल्व्हर कोणत्या जातीचं आहे हे उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणूनच मला पॉलिशवाल्यांचा राग येतो. जुनं रिव्हॉल्व्हर विकण्याआधी बफिंग करायचं, नवीन ब्लूइंग चढवायचं, चकाचक! बफिंगने ठशांच्या कडा गुळगुळीत होतात, अक्षरं उथळ होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. अनुभवी माणूस तिरप्या उजेडात धरतो आणि लगेच ओळखतो. फॅक्टरीने स्वतः काम केलं असेल तर सीरियल नंबराजवळ छोटा तारा ठोकायची पद्धत होती. दुरुस्ती केली, तर केली म्हणून लिहून ठेवली. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. नवशिके मात्र आणखी एका ठिकाणी हमखास फसतात. खाचेतच मॉडेलजवळ एक वेगळा आकडा असतो. तो जोडणीच्या वेळी एका नगाचे पार्ट एकत्र राहावेत म्हणून घातलेला कामगारांचा नंबर. लोक तोच सीरियल नंबर समजून अख्खं वंशशास्त्र मांडतात. जुन्या नगांचा खरा सीरियल नंबर मुठीच्या तळाशी असतो.

तिरपा उजेड म्हटल्यावर फर्स्ट इयरवाल्यांना आपले वर्कशॉपचे काका आठवले असतील. सीनियरचा फिटिंगचा जॉब घ्यायचा, त्याचा रोल नंबर कानशीने घासायचा, आपला पंच करायचा. ही परंपरा थोर आहे. काका काही बोलत नाहीत, फक्त जॉब ट्यूबलाइटखाली तिरका धरतात. घासलेल्या जागी खळगा दिसतो. झालं, रिपीट! अमेरिकेतला कलेक्टर आणि आपले काका एकच शास्त्र वापरतात, फरक इतकाच की काकांना त्याचे डॉलर मिळत नाहीत.

आणि ज्या वर्कशॉपमध्ये आमचा रोल नंबर इतक्या बारकाईने तपासतात, तिथल्या मशीन्सची अवस्था काय? दर इन्स्पेक्शनच्या आधी सरसकट हिरवा रंग मारला जातो, नेमप्लेटसकट. शेवटच्या रांगेतल्या लेथवर इतके थर आहेत की मेक, मॉडेल, सीरियल नंबर काहीच वाचता येत नाही. त्या लेथचं एक चेंज गिअर तुटलंय. नवीन मागवायचं तर विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, मॉडेल कुठलं? उत्तर कोणाकडेच नाही. लेथ दोन सेमिस्टर बंद, आणि आमची बॅच एका मशीनवर सहा-सहा जण. कमिटीला मात्र सगळं हिरवंगार दिसलं!

रंग मारायला माझी हरकत नाही. फक्त आधी नेमप्लेटवर मास्किंग टेप लावा, आणि जे पार्ट बदललेत त्यांची तारीख शेजारी पंच करा. जुना रंग काढायचा तर थिनर आणि चिंधी वापरा, कानस नको, नाहीतर उरलेली अक्षरंही जातील. पुढच्या शनिवारी मी आणि माझा रूमपार्टनर शेवटच्या रांगेपासून सुरुवात करायला तयार आहोत. थिनर तेवढा डिपार्टमेंटने द्यावा.