विमान पडू द्या, पोराला दुरुस्त करू द्या

‘डॉक्टरसाहेब, पोरगा रिमोटवर उडणारे विमान मागतो आहे. घेऊन देऊ का?’ असे एखादे वडील विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात दोन धास्ती असतात. एक, पोरगा बोट कापून घेईल. दुसरी, काही हजारांची वस्तू पहिल्याच दिवशी मोडून आणील. पहिली धास्ती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. दुसरीबद्दल माझे मत वेगळे आहे. विमान मोडणारच. ते मोडते आणि दुरुस्त करावे लागते, म्हणूनच हा छंद मुलाच्या प्रकृतीला मानवतो.

बटण दाबताच जागच्या जागी तरंगणाऱ्या ड्रोनबद्दल मी बोलत नाही. फोमचे किंवा बाल्सा या हलक्या लाकडाचे, पंख असलेले, बॅटरीच्या मोटरवर उडणारे छोटे विमान माझ्या डोळ्यांसमोर आहे. हातातल्या यंत्रातून रेडिओ संदेश जातो आणि विमानातल्या सर्वो नावाच्या चिमुकल्या मोटरी पंखांच्या व शेपटीच्या पट्ट्या हलवतात. विमान आपल्यापासून दूर जात असताना डावी-उजवी सरळ असते. तेच आपल्याकडे वळून येऊ लागले की उलटी भासते. इथेच बहुतेक नवशिके विमान जमिनीवर आपटतात. डोळा, मेंदू आणि बोटे यांचा मेळ बसवण्याचा इतका चांगला व्यायाम दुसरा क्वचितच असेल.

शिवाय हा व्यायाम उघड्यावर होतो. चष्मा लागण्याचे वय खाली येत चालले आहे. मुलांनी दिवसाच्या उजेडात रोज वेळ घालवला तर चष्मा लागणे लांबते, हे आता नेत्रतज्ज्ञांनी मान्य केले आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याचा कार्यक्रम घेतला आणि त्याचा गुण आला. मुलाला ‘बाहेर जा’ म्हटले तर तो जात नाही. हातात विमान असले की सांगावे लागत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. राइट बंधू लहान असताना, १८७८ साली, वडिलांनी त्यांना बांबू, बूच आणि कागदाचे, रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणून दिले. ते मोडेपर्यंत दोघे खेळले. मोडल्यावर त्यांनी तसेच दुसरे स्वतः बनवले. आपल्या विमानविद्येच्या ओढीचे मूळ ते पुढे या खेळण्यातच सांगत. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी खरे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. एनसीसीची हवाई शाखा १९५० साली सुरू झाली. तिच्या कॅडेटांना विमानांच्या प्रतिकृती करणे व उडवणे शिकवले जाते. तेव्हा हा श्रीमंतांच्या पोरांचा चाळा आहे, असे समजू नये.

पडलेले विमान दुरुस्त करताना मुलाला प्रथम ते का पडले हे शोधावे लागते. सर्वोची तार निसटली का, पट्टीची बिजागरी सुटली का, की बॅटरी मागे सरकून तोल बिघडला? मग चिकटवायचे, वाळेपर्यंत थांबायचे, बोटांवर तोलून पाहायचे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा उडवायचे. मोबाईलच्या खेळात हरले की लगेच नवा डाव मिळतो. इथे दोन दिवस थांबावे लागते. परीक्षेत चार गुण कमी पडले म्हणून जेवण सोडणारी, झोप उडालेली मुले आम्हा डॉक्टरांना पाहावी लागतात. अपयश आले तर ते तपासायचे असते आणि सुधारायचे असते, ही सवय उपदेशाने लागत नाही. म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की मोडलेले विमान पाहून ‘पैसे पाण्यात घातले’ म्हणू नका. मुलाशेजारी बसा आणि ‘कुठे बिघडले?’ एवढेच विचारा.

आता पहिल्या धास्तीबद्दल. खालील पथ्ये पाळलीच पाहिजेत.

प्रोपेलर हा फिरणारा सुराच आहे. घरात मोटर तपासताना तो काढून ठेवावा. उडवताना आधी हातातले यंत्र चालू करावे, मग विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना आधी बॅटरी काढावी. बोट कापलेच तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चहापत्ती, चुना काही भरू नये. बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल तर शीर किंवा स्नायूची दोरी तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी उशीर करू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

लिथियम पॉलिमर बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावू नये. तिच्यासाठीच बनवलेल्या चार्जरवर, मोकळ्या फरशीवर आणि डोळ्यांदेखत चार्ज करावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. विमान आपटल्यावर बॅटरी काढून थोडा वेळ उघड्या जमिनीवर ठेवावी, कारण ती उशिराही पेट घेऊ शकते.

क्षणात चिकटणाऱ्या डिंकाने बोटे जुळली तर ओढाताण करू नये. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेल्यास पापण्या ताणू नयेत, पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. हा डिंक कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर एवढा तापतो की कातडी भाजते. थर्मोकोल तापलेल्या तारेने कापायचा असेल, तर दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कथिलाचे डाग दिल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, कारण त्यात शिसे असू शकते.

आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून विमान सकाळी लवकर उडवावे, तेव्हा वाराही शांत असतो. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि जवळ पाणी असावे. सूर्याच्या दिशेने विमान नेऊ नये. विजेच्या तारांत अडकले तर त्यावर पाणी सोडावे, बांबू घेऊन काढायला जाऊ नये. केळीच्या बागेत पडले तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, पायात बूट घालून शोधावे. तिथे साप असू शकतो आणि कठडा नसलेली विहीरही असू शकते.

कायद्याचेही भान हवे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या प्रतिकृतींचा स्वतंत्र उल्लेख आहे. विमानतळाभोवती उडवण्यावर निर्बंध आहेत. आपल्या जागेसाठी सध्या कोणता नियम लागू आहे, ते आधी पाहून घ्यावे. गर्दीवर, रस्त्यावर किंवा जत्रेत विमान कधीच उडवू नये.

शेवटी शाळांना एक विनंती. फैजपूर-सावदा-यावल परिसरात विज्ञानाचे शिक्षक आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत आणि केळी निघाल्यावर मोकळी होणारी वावरेही आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेची एक खोली, दोन टेबले, डागकामाचे एक यंत्र आणि एक जाणता माणूस एवढ्यावर काम सुरू होईल. दहा मुलांत मिळून एक विमान घेतले तरी चालेल. मात्र ते पडल्यावर दुरुस्त मुलांनीच करायचे, ही अट पहिल्या दिवशीच घालावी.