परिचारिकेचे शिक्षण कोठे थांबते?

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले पुढे कोण कोण झाली, याची मोजदाद आपण प्रत्येक मेळाव्यात करतो. डॉक्टर, अभियंते, वकील, प्राध्यापक यांची नावे व्यासपीठावरून घेतली जातात, टाळ्या पडतात. परिचारिका झालेल्या मुलींची नावे सहसा घेतली जात नाहीत. त्यांचा उल्लेख 'काही मुली रुग्णसेवेत आहेत' एवढ्या एका वाक्यात आटोपतो. वास्तविक कुंभवली-बोईसर परिसरातल्या बौद्ध वस्त्यांतून आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून आपल्या वसतिगृहात आलेल्या मुलींनी डॉक्टरकीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने हा पेशा पत्करला आहे. त्याची कारणे उघड आहेत. वडील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कंत्राटी कामगार, घरात धाकटी भावंडे, आणि दोन-तीन वर्षांत हातात पगार येईल असा अभ्यासक्रम. या निवडीत कमीपणा काहीच नाही. माझा प्रश्न निवडीविषयी नाही, निवडीनंतर जे घडते त्याविषयी आहे.

आपल्या एका माजी विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. बारावीनंतर तिने ए.एन.एम.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि एका खासगी रुग्णालयात ती रुजू झाली. त्याला आता चौदा वर्षे झाली. मध्यंतरी माझ्या आजारी बहिणीला घेऊन मी तेथे गेलो असता ती भेटली. रात्रपाळी संपवून निघाली होती, डोळे सुजलेले. तिच्या विभागाची प्रमुख म्हणून पंचविशीतली एक मुलगी नुकतीच आली होती. "सर, सलाईनची सुई टोचायला तिला मीच शिकवलं," ती हसत म्हणाली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. नवी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग होती. नियमाने पद तिचेच होते, आणि तिला दोष देण्याचे कारण नाही. पण चौदा वर्षांच्या अनुभवाला कागदावर काहीच किंमत नसावी, हे कसे झाले?

ते कसे झाले, याच्या मुळाशी मी स्वतः आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. अकरावीचा अर्ज भरताना तिने मला विचारले होते. मी कला शाखा सुचवली. मी इतिहासाचा शिक्षक. तिला इतिहासात चांगले गुण होते. विज्ञानाच्या शिकवणीचा खर्च घराला झेपणार नव्हता. सल्ला प्रेमाने दिला होता, पण अज्ञानाने दिला होता. बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. सोळाव्या वर्षी, एका सहीनिशी, थेट पदवीचा दरवाजा बंद झाला आणि तो बंद झाल्याचे आम्हा दोघांनाही कळले नाही.

थेट दरवाजा बंद झाला, तरी वळणाची वाट उरते. कला शाखेच्या मुलीलाही तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला प्रवेश मिळू शकतो. नोंदणीकृत ए.एन.एम. असलेली परिचारिकाही जी.एन.एम. करू शकते. जी.एन.एम. होऊन परिषदेकडे नोंदणी झाली की दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते; त्यानंतर एका वर्षाच्या अनुभवावर एम.एस्सी. नर्सिंग, आणि पुढे पीएच.डी.सुद्धा. आरोग्यसेविका ते अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका, किंवा अध्यापनाच्या अंगाने पाठ्यनिर्देशिका आणि प्राध्यापिका, अशा या पायऱ्या आहेत. वाट लांब आहे, पण अखंड आहे. आमच्या त्या मुलीला ती कोणी दाखवली नाही. रुग्णालयाला गरज नव्हती, घराला पगार हवा होता, आणि आम्ही शिक्षकांनी 'मुलगी मार्गी लागली' म्हणून समाधान मानले.

'मार्गी लागली' या शब्दप्रयोगाचा मला अलीकडे राग येऊ लागला आहे. मार्गाला लागणे म्हणजे चालू लागणे. आपण त्याचा अर्थ थांबणे असा करून ठेवला आहे.

येथे बाबासाहेबांच्या चरित्रातील एका कालखंडाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. तोवर कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. त्यांच्यापाशी होती. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी अस्पृश्य समाजातल्या तरुणाला याहून मोठे स्थैर्य कोणते असणार? आजच्या भाषेत बोलायचे तर ते मार्गी लागले होते. पण त्यांनी पगारातून पैसे शिल्लक टाकले, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, १९२० मध्ये नोकरी सोडली आणि लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि त्याच सुमारास बॅरिस्टरी. त्या वर्षांत रमाईंनी संसाराचा गाडा कसा ओढला, हे आपण जाणतोच. आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. नोकरी लागल्यानंतरही अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्यांनी केलेली आखणी, म्हणजे किती शिल्लक टाकायचे, कोणाकडून उसने घ्यायचे, केव्हा निघायचे, हिच्याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. मला वाटते, आपल्या परिचारिका मुलींना त्या पदव्यांपेक्षा ही आखणी अधिक उपयोगी पडेल.

परिचारिकेच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. तिच्या कामाला 'सेवा' म्हटले जाते. सेवा हा शब्द थोर आहे. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करता करता देह ठेवला, हा आपला वारसा आहे. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सेवा हाच धर्म म्हणून शिकवला गेला, त्याने हा शब्द जपून वापरला पाहिजे. सेवेची स्तुती करणारा सहसा सेवेकऱ्याच्या बढतीविषयी बोलत नाही. इतिहासातही तेच दिसते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये शिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय परिचारिका, असे नर्सिंगची पाठ्यपुस्तके सांगतात. सांगतात ते एका ओळीत. १९४६ च्या भोर समितीने देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवले, तेव्हा ती टंचाई सर्वांच्या डोळ्यांवर आली. टंचाई असलेल्या माणसाची किंमत वाढते, असे अर्थशास्त्र म्हणते. परिचारिकेची किंमत मात्र स्तुतीतच अधिक वाढली.

भगवान बुद्धांची भूमिका या बाबतीत किती वेगळी होती! अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मळमूत्रात पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, ही कथा आपल्या विहारांतून नेहमी सांगितली जाते. पण विनयपिटकाच्या महावग्गात चांगल्या शुश्रूषकाचे जे पाच गुण सांगितले आहेत, ते फारसे कोणी सांगत नाही. औषध सिद्ध करण्याची क्षमता हा त्यांतला पहिला. रुग्णाला काय मानवते, काय मानवत नाही याचे ज्ञान आणि त्यानुसार द्यावयाचे किंवा दूर ठेवावयाचे, हा दुसरा. लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने शुश्रूषा करणे हा तिसरा. मलमूत्र, वांती यांची किळस न बाळगणे चौथा आणि योग्य वेळी धम्मवचनांनी रुग्णाचे मन उभारणे पाचवा. क्रम पाहावा. मैत्रीभावना तिसऱ्या क्रमांकावर आहे. आधी क्षमता आणि ज्ञान आहे. औषधांची नावे आणि मात्रा दरसाल बदलत असता ज्या परिचारिकेचे ज्ञान पहिल्या प्रमाणपत्राच्या वर्षीच थांबले, तिच्या ठायी करुणा कितीही असो, पहिले दोन गुण हळूहळू क्षीण होत जातात. यात तिचा दोष थोडा आणि तिला शिकू न देणाऱ्यांचा मोठा, हेही सांगितले पाहिजे.

शासनमान्य व्यवस्थेला हे तत्त्व मान्य आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी त्या काळात १५० तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षित असते. पण प्रत्यक्षात काय होते? मुदत संपत आली की घाईने तास जमा केले जातात. कार्यशाळा कोणत्या विषयावर होती हे महिन्याभरात आठवत नाही. वर्षाला तीस तास म्हणजे महिन्याला अडीच तास. हे तास एकाच दिशेने लावले, तर पाच वर्षांत एका विषयाची बऱ्यापैकी जाण येते. दिशा कोणती, हे मात्र आधी ठरवावे लागते.

आपल्या भागापुरते बोलायचे तर दिशा शोधायला दूर जाण्याची गरज नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत आपल्या उंबरठ्यावर आहे. रसायनांचे कारखाने, स्फोट, वायुगळती, भाजलेले कामगार यांच्या बातम्या आपण वाचत नाही, ऐकतो. कारण त्यांत आपलेच कोणी असते. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात परिचर्या कर्मचाऱ्यांसह रुग्णवाहिका-कक्ष असावा, असे १९४८ चा कारखाना अधिनियम सांगत असे. भाजलेल्या रुग्णांच्या परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. असेच पदविका अभ्यासक्रम अतिदक्षता, नवजात बालक, शस्त्रक्रियागृह, कर्करोग या विषयांतही आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. त्या पाड्यांची भाषा जाणणारी, नवजात बालकांच्या परिचर्येत पारंगत झालेली वारली किंवा मल्हार कोळी मुलगी तेथे जे करू शकेल, ते बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला साधणार नाही. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्राची जबाबदारी घेण्याची वाटही २०१८ नंतर खुली झाली आहे.

आता पैशाचे. पोस्ट बेसिकचा नियमित अभ्यासक्रम पूर्णवेळ असतो. म्हणजे दोन वर्षे पगार नाही. शासकीय सेवेतल्या परिचारिकेला नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. खासगी रुग्णालयातली मुलगी नोकरी सोडूनच जाऊ शकते. इग्नूने नोकरीतल्या परिचारिकांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, पण तेथे जागा थोड्या. अनुसूचित जाती, नवबौद्ध व अनुसूचित जमातीच्या विद्यार्थिनींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. या योजना शुल्काचा आणि तिच्या निर्वाहाचा भार उचलतात. घरी जाणारा तिचा पगार मात्र कोणतीच योजना भरून देत नाही. म्हणून पहिल्या पगारापासून शिल्लक टाकणे, विवाह ठरतानाच पुढच्या शिक्षणाची गोष्ट स्पष्ट बोलणे, आणि मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही रुग्णालयाच्या कपाटात अडकवू न देणे, या तीन बाबतींत पालकांनी ठाम राहावे. तीसाव्या वर्षी सून पुन्हा महाविद्यालयात जाते म्हणून नाक मुरडणाऱ्या घरांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे एकदा पाहावे. लंडनला पुन्हा निघाले तेव्हा बाबासाहेबही एकोणतीस वर्षांचे होते आणि गृहस्थ होते.

नियम बदलत आहेत, हेही ध्यानात असावे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. तेव्हा प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी तपासून घ्याव्यात. माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाच्या शब्दावर विसंबू नये. त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे. गल्लोगल्ली निघालेल्या सहा महिन्यांच्या 'नर्सिंग कोर्स'पासून तर चार हात दूरच राहावे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे ज्याची नोंदणी होत नाही, ते प्रमाणपत्र रुग्णालय मुलीला कमी पगारात राबवण्यासाठी वापरते.

माजी विद्यार्थी संघाला माझी एक विनंती आहे. आपला गुणगौरव समारंभ दहावी-बारावीच्या गुणवंतांचा असतो. तो तसाच असावा. पण संघाच्या निधीतला एक भाग नोकरी सोडून पुढच्या पदवीला जाणाऱ्या परिचारिकेसाठी बिनव्याजी कर्ज म्हणून राखून ठेवता येईल. आणि दहावीच्या वर्गाला दरवर्षी जानेवारीत, अकरावीचे अर्ज भरण्याच्या पुष्कळ आधी, आपल्याच एखाद्या परिचारिका विद्यार्थिनीने येऊन ही सारी वाट समजावून सांगावी. पहिल्या वर्षी कोणाला बोलवावे, हे मी ठरवले आहे. ती एकोणचाळीस वर्षांची होईल, जी.एन.एम.च्या प्रवेशाची कागदपत्रे तिने गेल्या महिन्यात जमवायला घेतली, आणि बारावीच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत हवी म्हणून माझ्याकडे आली होती.