चौकशी करणाऱ्या आया

आपल्याकडे मुलांच्या पोटाविषयी कोणी बोलू लागले, की शेवटी सारा दोष आईच्या ओटीत येऊन पडतो. पोरगे भाजीपोळी खात नाही, वडापाव मागते, पाकिटातल्या शेवयांवाचून डब्याला हात लावत नाही. कारण काय, तर हल्लीच्या आयांना चुलीपुढे उभे राहायला नको! हा निकाल देणारे गृहस्थ बहुधा हातात भज्यांची पुडी धरूनच तो देत असतात; पण ते असो. त्यांना माझे एवढेच विचारणे आहे : आईने घरी रांधावे, हे तुम्ही शंभर वेळा सांगितलेत, बाहेर जे रांधले जाते ते आहे तरी काय, हे तिने जाऊन पाहावे, असे एकदा तरी सांगितलेत काय? उलट ती गाडीवाल्याला तेलाविषयी दोन प्रश्न विचारू लागली, की हेच गृहस्थ तिच्या कानाशी लागतात, ‘चल आता, लोक बघताहेत.’

मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यात काय निघते, हे मला त्या मुलांच्या बापांहून अधिक ठाऊक आहे. ज्या मुलाच्या मुठीत डब्याऐवजी दहाची नोट असते, त्याची आई बहुतेक पहाटेच्या गाडीने कामावर गेलेली असते, किंवा दुसऱ्यांच्या चार घरच्या पोळ्या लाटत असते. तिला आळशी म्हणण्याआधी तिच्याबरोबर एक दिवस काढून पाहावा. झटपट खाणे आपल्या घरात शिरले ते जगण्याच्या या ओढाताणीतून, आणि ते आता परत जाणार नाही. मग जे घरात आलेच आहे ते पारखून घ्यायला नको? आमच्या आज्या ज्वारीचा दाणा दाताखाली फोडल्यावाचून पोत्याला हात लावू देत नसत. कोळणीने कितीही शपथा वाहिल्या तरी माशाचा कल्ला उघडून पाहिल्याशिवाय पैसे सुटत नसत. ती चौकशी शहाणपणाची, आणि नातसुनेने पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे वाचली की तो चोंबडेपणा, हा न्याय कुठला?

वडापावाचा जन्म १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर झाला, असे सांगतात. त्याच वर्षी मुंबईत नऊ गृहिणींनी एकत्र येऊन ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था काढली. देशातली ग्राहकांची ही पहिली संस्था. वडा साऱ्या जगाला ठाऊक झाला, आणि त्या नऊ जणींची आठवण आपल्याला कोणी तरी करून द्यावी लागते! ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९८६ साली आला. म्हणजे सरकारला जे सुचायला वीस वर्षे लागली, ते या बायकांना आधीच सुचले होते. त्या काही शास्त्रज्ञ म्हणून निघाल्या नव्हत्या. आपल्या घरात येणारे जिन्नस तपासून पाहिले पाहिजेत, एवढे त्यांना कळत होते.

चौकशी म्हणजे मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या कंड्या नव्हेत, हेही माझ्या मैत्रिणींना सांगितले पाहिजे. पाकिटातल्या कुरकुरीत कांड्या पेटवून दाखवायच्या, आणि ‘पाहा, जळते, म्हणजे प्लॅस्टिक आहे’ असे ओरडायचे! बायांनो, पिठाचा आणि तेलाचा कोणताही कोरडा पदार्थ पेटतो. यंदाच्या दिवाळीतली घरची चकली चिमट्यात धरून पेटवून पाहा, तीही जळेल. ती काय प्लॅस्टिकची केलीत? अशा खोट्या आरोळ्यांनी कारखानदाराचेच फावते. खरे विचारणारीलाही तो मग त्याच रांगेत बसवतो. आणि ‘घरचे’ म्हटले की सारे पवित्र, हेही मला मान्य नाही. कित्येक वर्षे आपण शंकरपाळ्यांत आणि चिरोट्यांत डब्यातले वनस्पती तूप ओतत होतो. त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक, म्हणून सरकारने तेलातुपातले तिचे प्रमाण २०२१ साली ३ टक्क्यांवर आणि २०२२ साली २ टक्क्यांवर आणून ठेवले. तेव्हा नाक मुरडायचे तर सगळीकडे सारखे मुरडावे.

२०१५ सालचे प्रकरण आठवते ना? त्या दोन मिनिटांच्या शेवयांत, म्हणजे मॅगीत, शिसे सापडले असे म्हणून जूनमध्ये देशभर विक्री थांबवण्यात आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली : कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांनी नमुने तपासले त्यांना तशी रीतसर मान्यता नव्हती! फेरतपासणी झाली, आणि नोव्हेंबरात पाकिटे पुन्हा दुकानांत लटकू लागली. कंपनी सुटली, अधिकारी गप्प झाले, वर्तमानपत्रांना दुसरा विषय मिळाला. पण ज्या बाईने पाच वर्षे पोराला आठवड्यातून तीनदा तेच करून घातले होते, तिला नेमके काय कळले? जूनमध्ये ती पापिणी ठरली आणि नोव्हेंबरात निर्दोष सुटली; मधल्या साऱ्या काळात तिचा कोणी साक्षीदार म्हणूनसुद्धा विचार केला नाही. एवढ्या मोठ्या देशाला एका पाकिटाची तपासणी धडपणे करता येऊ नये, याची लाज कोणाला वाटली?

आता गोव्यातले पाहा. तिथल्या जत्रांत गोबी मंचुरियनच्या लालभडक गाड्या लागतात. २०२२ साली वास्कोच्या दामोदर सप्ताहात त्या आवरा, असे अन्न प्रशासनाने मुरगाव पालिकेला सांगितले. २०२४ च्या आरंभी म्हापसा नगरपालिकेने तर या पदार्थाच्या गाड्यांवर बंदीच घातली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजारच्या कर्नाटकाने निराळी वाट धरली. तिथे १७१ नमुने तपासले, त्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग निघाले. तेव्हा सरकारने गोबीला हात न लावता रंगांना बंदी केली. मला हा फरक मोठा वाटतो. फ्लॉवरने कोणाचे काय केले होते? गाडीवाला हा साखळीतला शेवटचा आणि सगळ्यांत गरीब माणूस. त्याची गाडी उचलून नेणे सोपे, फोटोही छान येतो. त्याला रंगाची पुडी विकणारा मात्र दुकानात गादीवर बसून राहतो. आणि लाल रंगाची मंचुरियन हवी कोणाला असते? फिकी दिली तर ‘आज मजा नाही’ म्हणणारे आपणच! गाडीवाल्यावर डोळे वटारणारा बाप काचेच्या, थंडगार दुकानात शिरला की मात्र मुकाट्याने तिप्पट पैसे मोजतो. तिथल्या कढईचे तेल कितव्यांदा उकळते आहे, हे विचारायची त्याची छाती होत नाही.

ते विचारता येते. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापून त्यातली ‘पोलर’ संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली, की ते वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणाला वापरणाऱ्याने टाकाऊ तेलाचे काय केले, याची नोंद ठेवायची असते. बिलावर चौदा आकडी परवाना क्रमांक छापणे २०२२ पासून सक्तीचे आहे. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमात आहे : कोणाही खरेदीदाराला पदार्थ विकत घेऊन शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. घेतानाच दुकानदाराला तसे सांगायचे. दोष निघाला तर शुल्क परत. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या बाईलाही कळेल इतके हे साधे आहे. मग शाळाशाळांच्या पालकसभांत हे का सांगितले जात नाही? तिथे आम्ही गणवेशाच्या रंगावर दोन दोन तास काढतो!

शाळेच्या आवारात आणि त्याच्या बाहेर ५० मीटरपर्यंत फार तेलकट, फार खारट, फार गोड पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. मी पोरांकडून टेपने मोजून घेतले. आमच्या फाटकापासून पिंपळाच्या पारापर्यंत ते अंतर भरते, आणि तेवढ्यात तीन दुकाने येतात. तिन्हींच्या दारांवर पाकिटांची तोरणे बारा महिने लटकलेली असतात. तिन्ही दुकानदार सभ्य आहेत. त्यांना नियमाचा कागद कोणी दाखवलेला नाही.

त्याच पाकिटांवरून मी सातवीच्या वर्गाला हिशेब घातला. मागे ‘सोडियम’ म्हणून मिलिग्रॅमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते निघते. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ज्या पाकिटात १००० मिलिग्रॅम सोडियम, त्यात अडीच ग्रॅम मीठ, अर्ध्या दिवसाची बेगमी मधल्या सुट्टीतच झाली! मुलांनी गुणाकार भराभर केले. एक मुलगा मात्र पाटीवरून मान वर करून म्हणाला, ‘बाई, त्यांना मीठच सांगायचं होतं तर मीठ असंच का नाही लिहिलं?’ मी त्याला म्हटले, हा प्रश्न वहीत लिही आणि घरी आईला दाखव. पाकिटावर कंपनीचा पत्ता असतोच. पोस्टकार्डाला पैसे मी देईन.