हत्यार बदललं, हात तोच

हत्यार सोपं झालं की हिंसा सौम्य होते, या समजुतीशी माझं भांडण आहे. भांडण जुनंच. यंदा निमित्त मात्र नवं मिळालं, आणि तेही सातासमुद्रापलीकडून.

माझी भाची अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहते. घरामागे तिची तीन एकर झाडी आहे, तिथं हरणं येतात. शेजारचे गृहस्थ साठी उलटलेले, सज्जन, बर्फ पडला की हिच्या दारातलाही रस्ता मोकळा करून देणारे. कित्येक वर्षं ते धनुष्यबाणानं हरणाची शिकार करत आलेत. आता खांदा धरला, म्हणून जुनं कंपाउंड धनुष्य खुंटीला लावून त्यांनी क्रॉसबो घेतला आणि भाचीला विचारलं, तुमच्या झाडीत मचाण बांधून बसू का? तिनं तो प्रश्न आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. बेळगाव, सांगली, इंदूर, बडोदा, सगळीकडून उत्तरं आली. बहुतेकांचं म्हणणं एकच: "तू कुठं मारायलीस? बसू दे की त्यांना. शेजार मोडू नये." वर आणखी एक शहाणपण: "क्रॉसबोनं म्हणे जीव पटकन जातो, त्रास होत नाही."

मी तिला 'नाही म्हण' असं सांगितलं. का, ते इथं लिहिते. कारण प्रश्न अमेरिकेतला असला तरी ही उत्तरं आपल्या घरातली आहेत.

आधी ही दोन हत्यारं काय आहेत ते बघू. बायकांना काय करायची हत्यारांची माहिती, असं म्हणू नका. ज्याचं समर्थन आपल्या तोंडून होतं, ते निदान ठाऊक असावं. कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. मिसुरीतल्या होलिस विल्बर ॲलन या माणसाला १९६९ साली त्याचं पेटंट मिळालं. दोरी ओढताना सुरुवातीला जोर लागतो, पूर्ण ओढली की चाकं फिरतात आणि भार उतरतो. सत्तर पौंडांचं धनुष्य धरून ठेवायला मग पंधरा पौंडांच्या आसपासच ताकद पुरते. तरीही ओढायचं ते आपल्याच दंडांनी, आणि तेही हरिण समोर आल्यावर. त्या हालचालीनं पुष्कळदा हरिण सावध होतं आणि निसटतं. क्रॉसबोत हेच धनुष्य बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं असतं. दोरी आधीच, दोरखंडानं किंवा हँडल फिरवून, ओढून अडकवून ठेवायची. मग दुर्बिणीतून बघायचं आणि खटका दाबायचा. म्हणजे कमी काय झालं? वर्षानुवर्षांचा सराव, दंडातलं बळ, आणि हरणाला सावध करणारी ती एक हालचाल. सोय झाली ती एकाच बाजूची.

ही सोय सगळ्यांना आधीपासून नव्हती. तिथल्या बऱ्याच राज्यांत धनुष्याच्या हंगामात क्रॉसबोला परवानगी असायची ती फक्त अपंगांना. ओहायोनं १९७०च्या दशकातच दार उघडलं. पेनसिल्व्हेनियानं ते २००९ मध्ये सर्वांना खुलं केलं, विस्कॉन्सिननं २०१४ मध्ये. ओरेगॉन राज्यात शिकारीसाठी क्रॉसबो आजही चालत नाही. या बदलाला मोठा विरोध केला तो खुद्द धनुर्धारी शिकाऱ्यांनी. हे धनुष्य नव्हे, न वाजणारी बंदूक आहे, असं त्यांचं म्हणणं. मग दार उघडलं का? शिकारी म्हातारे होत चाललेत आणि त्यांची मुलं रानात जात नाहीत, म्हणून. १९३७च्या एका कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. पुढं धनुष्यबाणही त्या करात आले. शिवाय शिकारीच्या परवान्यांची फी. शिकारी कमी झाला की खात्याची तिजोरी आटते. म्हणून दुखऱ्या खांद्याचा माणूसही रानात टिकला पाहिजे! त्या पैशातून जंगलं राखली गेली हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण सोयीच्या या हिशेबाला दयेचं नाव देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

आता दयेकडेच येते. बाण गोळीसारखा आघातानं मारत नाही. त्याच्या टोकाला पाती असतात, रक्त वाहून जीव जातो. हृदयात किंवा फुप्फुसात लागला तर हरिण काही सेकंदांत कोसळतं. पोटात लागला तर? तर शिकाऱ्याला शिकवलेला नियम असा की, लगेच मागे जाऊ नये, काही तास थांबावं, संध्याकाळ असली तर सकाळी शोधावं. कारण पाठलाग केला की ते आणखी लांब पळतं आणि हाती लागत नाही. हा नियम धनुष्याला आहे तसाच क्रॉसबोलाही आहे. आणखी एक गंमत, गंमत कसली म्हणा. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो, क्रॉसबोचा बाण एकशे वीस मीटरच्या आसपास. हरिण चाळीस मीटरवर असेल तर खटक्याचा आवाज बाणाच्या आधी त्याच्या कानी पोचतो. ते दचकून उडी मारायला खाली दबतं, आणि छातीवर धरलेला नेम भलतीकडे बसतो. यंत्र कितीही नेमकं केलं तरी समोर पुतळा नाही, जगू पाहणारा जीव आहे. 'त्रास होत नाही' हे वाक्य कुणाच्या समाधानासाठी आहे? हरणाच्या तर नक्कीच नाही.

तिसरं म्हणणं सर्वांत वजनदार: हरणं फार झालीत. हे खरं आहे, आणि त्याला उत्तर न देता अहिंसेच्या गोष्टी करणं म्हणजे फुकटचा मोठेपणा. हरणं जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात, रस्त्यावर गाड्यांना धडकतात, त्यात माणसंही मरतात. त्यांच्या अंगावर वाढणाऱ्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार पसरतो. पण ही वेळ आणली कुणी? पूर्वेकडच्या राज्यांतले लांडगे आणि प्यूमा माणसानंच संपवले. हरणांचीही इतकी शिकार झाली की १९००च्या सुमारास देशभरात ती काही लाखांवर आली होती. मग कायदे झाले, हंगाम ठरले, मारणारा दुसरा कुणी उरला नव्हता, आणि आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. आधी राखणदार मारायचा, मग पीक वाढलं म्हणून विळा हातात घ्यायचा, असा हा न्याय. लाइमचा जंतूही हरणाच्या अंगात पोसत नाही. गोचीड तो बहुतेक उंदरांकडून घेते.

दुसरे उपाय नाहीत असंही नाही. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर १९९३ पासून माद्यांना गर्भ न राहण्याची लस देऊन बघितली गेली. स्टेटन आयलंडवर न्यूयॉर्क शहरानं २०१६ पासून नर हरणांची नसबंदी केली. कॅनडात बॅन्फच्या महामार्गावर कुंपणं घालून प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी वाटा केल्या, तेव्हा धडका ऐंशी टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. हे उपाय खर्चाचे आहेत, सावकाशीचे आहेत, सगळीकडे लागू पडतील असंही नाही. पण ज्याला भिंतीवर मोठी शिंगं टांगायची आहेत त्यानं संख्येची काळजी मला सांगू नये. दोन-चार नर मारून कळप घटत नाही; उरलेला एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो, हे तिथला शिकारीही जाणतो.

भाचीच्या शेजाऱ्यावर माझा राग नाही. तो मारतो ते खातो, आणि जे खातो ते मरताना बघतो. प्लास्टिकच्या वेष्टनातलं मांस घेणाऱ्यापेक्षा त्याच्यात प्रामाणिकपणा जास्तच. माझा राग आहे तो "तू कुठं मारायलीस" या आपल्या वाक्यावर.

आपल्याला लहानपणी पाठशाळेत काय शिकवलं? कृत, कारित, अनुमोदन. केलं, करवलं, बरं म्हटलं. तिन्ही एकाच हिशेबात. हत्यारं, विष, विस्तव दुसऱ्याला देणं यालाही आपल्याकडे वेगळं नाव आहे, हिंसादान, आणि ते अनर्थदंडात मोडतं. जागा देणं त्याहून वेगळं कसं? गृहस्थाची अडचण आपल्या आचार्यांना ठाऊक नव्हती असंही नाही. चूल पेटवताना होते ती आरंभी हिंसा, नांगर चालवताना होते ती उद्योगी, अंगावर आलेल्याला अडवताना होते ती विरोधी. आपल्या भागातला जैन मुळात शेतकरी. त्याला या तिन्हींतून पूर्ण सुटका नाही, हे ओळखूनच ही वाटणी केली. चौथी संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली; तिला मात्र श्रावकालाही सूट नाही. मचाणावर चार तास बसून धरलेला नेम संकल्पी नाही तर काय?

आणि बायांनो, परदेशाकडे बोट दाखवताना आपल्या फडताळामागेही बघा. आपल्यातल्याच काही घरांत उंदरासाठी गोंदाची पाटी ठेवतात. 'विष नाही घातलं हो' म्हणून समाधान! तो उंदीर रात्रभर चिकटून तडफडतो, आणि सकाळी पाटी कामवालीच्या हाती देतात. मारलं कुणी? घरमालकिणीनं नाही, कामवालीनं नाही, गोंदानं. हत्याराच्या मागे लपायची ही युक्ती फार जुनी आहे. ११३९ साली रोमच्या धर्मसभेनं क्रॉसबोला मनाई केली होती, पण कुणावर चालवायला? ख्रिश्चनांवर. बाकीच्यांबद्दल मनाई नव्हती. आपलं माणूस वगळायचं आणि नियम पाळल्याचं पुण्य घ्यायचं, हे काही एका धर्माचं वैशिष्ट्य नव्हे.

नाही म्हणायला भांडण लागत नाही. "तुमचा लोभ हवा, पण आमच्या जागेत जीव मारायला आम्ही देत नाही," इतकं पुरतं. पेनसिल्व्हेनियात २०२० पासून झाडांवर जांभळे पट्टे रंगवले की आत येण्यास मनाई असा कायदेशीर अर्थ होतो. रंगाचा एक डबा लागतो. मात्र नाही म्हटल्यावर त्याची किंमतही आपणच द्यायची. वाफ्यांना उंच कुंपण घालायचं, मुलं खेळून आली की अंगावर गोचीड बघायची, संध्याकाळी गाडी सावकाश चालवायची. हरणानं गुलाब खाल्ले तर कुरकुरायचं नाही. खर्च न सोसता पाळलेली अहिंसा नुसती बोलण्यापुरती.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत आपण ज्यांच्यापुढं हात जोडतो ते नेमिनाथ. लग्नाच्या वरातीत त्यांना कोंडलेली हरणं आणि इतर पशू दिसले. पाहुण्यांच्या जेवणासाठी, असं सारथ्यानं सांगितलं. सुरी धारदार आहे ना, मारणारा हात सराईत आहे ना, असं काही त्यांनी विचारलं नाही. 'मी कुठं मारतोय' असंही म्हटलं नाही. रथ फिरवला.

ती कथा आपण दरवर्षी ऐकतो, लेकीसुनांना ऐकवतो. पुढच्या वेळी कुणी लेक दूरदेशातून असा प्रश्न विचारील, तेव्हा 'शेजार मोडू नये' हे उत्तर देण्याआधी ती कथा आपल्यालाच एकदा सांगून बघा.