खिरापत नको, देणे द्या!

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या एखाद्या चाळीत दिवाळीच्या संध्याकाळी उभे राहून पाहा. विमानतळाकडे निघालेली विमाने चाके खाली सोडून अगदी कौलांवरून जातात. आमच्या ओळखीची एक माउली एका दिवाळीत चकल्या तळता तळता प्रत्येक आवाजाला दारात येत होती. मुलगा केंद्रीय राखीव पोलीस दलात, काश्मिरात. रजा मंजूर झाली ती नरकचतुर्दशीला. श्रीनगरहून दिल्लीपर्यंत तो सरकारी खर्चाने विमानातून आला, आणि दिल्लीहून जनरलच्या डब्यात उभ्याने! बोरिवलीला उतरला तेव्हा भाऊबिजेची रात्र झाली होती.

‘‘अहो, पण विमान कंपन्या जवानांना सवलत देतात ना?’’ असे कोणी विचारील. देतात तर! त्यांच्या बायकामुलांनाही देतात. पण ही सूट असते मूळ भाड्यावर. कर आणि विमानतळाचे शुल्क यांना ती शिवतही नाही. आणि ते मूळ भाडे सणाच्या तोंडावर कुठच्या कुठे चढते! महिनाभर आधी तिकीट काढणाऱ्या सुखवस्तू प्रवाशाला जे विनासवलतीचे पडते, त्याहून आयत्या वेळी रजा मिळालेल्या जवानाला सवलतीचे महाग पडावे, याला काय म्हणावे? आधी भाव चढवून मग मूठभर वाढीव टाकणाऱ्या वाण्याला आमच्या आजीने उंबरठ्याबाहेरच ठेवले असते.

कंपन्या म्हणतील, आम्ही धंदा करतो, धर्मादाय नव्हे. कबूल! म्हणूनच माझे भांडण त्यांच्याशी कमी आणि सरकारशी अधिक आहे.

14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवाम्याला राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले. ते जम्मूहून श्रीनगरला रस्त्याने निघाले होते. आठवड्याच्या आत, 21 फेब्रुवारीला, गृहमंत्रालयाने शिपायापासून सहायक उपनिरीक्षकापर्यंतच्या सुमारे 7 लाख 80 हजार जणांना विमानप्रवासाचा हक्क दिला. कामावर जातानाच नव्हे, रजेवर जाता-येतानाही. म्हणजे एका सहीचे काम होते! त्या सहीसाठी 40 चिता पेटाव्या लागल्या. आणि आदेशातले मार्ग कोणते? दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर, येताजाता. बस्स.

मे 2025 मध्ये सीमेवर तोफा धडाडल्या, तेव्हा एअर इंडियाने जवानांची सवलतीची तिकिटे 30 जूनपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत देण्याचे जाहीर केले. चांगले केले, चांगल्याला चांगले म्हणायला आमची जीभ कचरत नाही. पण जवानाची रजा काय 30 जूनपर्यंतच रद्द होते? त्याला हवे आहे ते हेच: बारा महिने ठरलेले भाडे आणि रजा हुकली तर पैसे परत. फरक सरकारने भरावा. सरकारने म्हणजे आपण, वाचकहो! फराळाच्या डब्यांवर आणि फटाक्यांवर आपण उडवतो त्यापुढे हा भार कितीसा?

उपनगरांतून निवडून गेलेले खासदार दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला दारोदार येतील. लाडू जरूर द्या, आणि एवढे विचारा: दिल्लीचा विमानतळ हे घाटकोपरच्या पोराचे घर कधीपासून झाले?